क्रीडमूर, १८७४ : दहा महिन्यांत हजार यार्ड

रेंजवर नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात एक प्रश्न विचारतोच : लांबचं मारायला शिकायला किती दिवस लागतात? दहा मीटरच्या एअर रायफलवर अजून दहाच्या वर्तुळाशी नीट ओळखही झालेली नसते, पण मनात हजार यार्ड असतात. अशा वेळी मी १८७४ सालची एक गोष्ट सांगतो. तिच्यात शिकायला सुरुवात कधी झाली ते माहीत आहे, परीक्षेची तारीख माहीत आहे आणि प्रत्येक परीक्षार्थीचे गुणही माहीत आहेत. शिकण्याच्या गोष्टींत हे तिन्ही एकत्र क्वचितच सापडतं.

जागा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं क्रीडमूर. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैनिकांचा नेम किती कच्चा होता हे पाहून अस्वस्थ झालेल्या विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट यांनी १८७१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन काढली. चर्च लष्करी नियतकालिकाचे संपादक, विंगेट वकील आणि राष्ट्ररक्षक दलातले अधिकारी. न्यूयॉर्क राज्याच्या मदतीने क्रीड नावाच्या कुटुंबाची शेतजमीन घेऊन तिथे चांदमारीचं मैदान तयार झालं आणि जून १८७३ मध्ये पहिली स्पर्धा झाली.

त्याच उन्हाळ्यात तिकडे इंग्लंडमध्ये विम्बल्डनच्या मैदानावर आयर्लंडच्या संघाने एल्को शील्ड जिंकलं. इंग्लंड आणि स्कॉटलंडला हरवून पहिल्यांदाच. ही स्पर्धा ८००, ९०० आणि १००० यार्डांची. आता आणखी कोणाला हरवायचं, असा प्रश्न पडलेल्या मेजर आर्थर लीच यांनी नोव्हेंबर १८७३ मध्ये न्यूयॉर्क हेराल्डमधून अमेरिकेच्या रायफलबाजांना आव्हान दिलं. प्रत्येक बाजूने आपापल्या देशात बनलेल्या रायफली वापरायच्या, अंतरं तीच तीन.

आव्हान स्वीकारलं न्यूयॉर्कच्या अमॅच्युअर रायफल क्लबने. अध्यक्ष विंगेटच. साठ-सत्तर सभासद, त्यातल्या बहुतेकांनी पाचशे यार्डांपलीकडे कधी गोळी झाडलेली नव्हती. हजार यार्डांवर चालेल अशी अमेरिकन बनावटीची रायफलही त्यांच्याकडे नव्हती. आपल्याकडे याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

सामना ठरला २६ सप्टेंबर १८७४ला. हातात दहा महिने.

पाचशे आणि हजार यांच्यामध्ये काय असतं

इथे थांबून अंतराचा हिशेब करायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

क्रीडमूरचं निशाण म्हणजे बारा फूट रुंद आणि सहा फूट उंच लोखंडी पत्रा. मध्ये तीन फुटांचा चौकोन, त्याचे चार गुण. त्याच्याभोवती सहा फुटांचा चौकोन, तीन गुण. दोन्ही बाजूंना उरलेल्या पत्र्याचे दोन. पत्रा चुकला की शून्य.

हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तेवढ्या अंतरावरचा तीन फुटांचा चौकोन नेमबाजाच्या डोळ्याला जेवढा दिसतो, तेवढाच दिसायला ५० मीटरवर पाच सेंटिमीटरचा चौकोन ठेवावा लागेल. आणि ५० मीटर रायफलच्या आजच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ केवढं असतं? १०.४ मिलिमीटर. म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये ज्या दहावर नेम धरला, तो क्रीडमूरच्या चौकोनाच्या रुंदीत जवळपास पाच वेळा मावतो. नुसत्या नेमाच्या दृष्टीने पाहिलं तर क्रीडमूरचा चौकोन ढोबळ आहे. आडवं झोपून, पट्टा आवळून तेवढा होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरणं, चांगल्या क्लबमधला दोन वर्षं शिकलेला मुलगाही दाखवेल.

मग अडतं कुठे? गोळी सुटल्यानंतर.

त्या काळच्या रायफली काळ्या दारूच्या. साधारण .४४ इंची नळी, ५४०-५५० ग्रेनची (पंधरा ग्रेन म्हणजे सुमारे एक ग्रॅम) जड शिशाची गोळी, तिला कागदाचं वेष्टन, मागे ९० ते १०० ग्रेन दारू. सुटताना वेग सेकंदाला तेराशे-चौदाशे फूट. हजार यार्ड जायला या गोळीला तीन सेकंदांच्या आसपास लागतात. तीन सेकंदांत ती आपल्या वजनाने शंभर फुटांहून जास्त खाली येते, म्हणून नळी सव्वादोन अंशांच्या आसपास वर उचलून मारावी लागते. वाटेत मध्यावर गोळी नेमाच्या रेषेच्या चाळीसेक फूट वरून जात असते. निशाणाच्या समोर उभ्या चार मजली इमारतीवरून चेंडू टाकावा तसा प्रकार.

आता यातली एकेक गोष्ट जराशी चुकवून पाहू. आकडे मी स्वतः काढलेले, ढोबळ आहेत, पण कल्पना देतील. मागची साईट (नेम धरायची खूण) एका मिनिटाने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने चुकली : हजार यार्डांवर साडेदहा इंच. ताशी पाच किलोमीटरची आडवी झुळूक, गालाला जेमतेम लागेल एवढी : साधारण साडेतीन फूट, म्हणजे चौकोनाच्या रुंदीहून जास्त. रायफल एका अंशाने कलली : नळी सव्वादोन अंश उचललेली असल्यामुळे तो कल सगळा बाजूला जातो आणि गोळी दोन फूट सरकते. हा शेवटचा हिशेब रेंजवर तोंडी सांगितला की मुलं हसतात. डोळ्याला एक अंशाचा कल दिसत नाही ना! म्हणून क्रीडमूरच्या रायफलींच्या पुढच्या माशीजवळ, म्हणजे पुढच्या साईटजवळ, छोटीशी पाणसळ बसवलेली असे. गवंडी भिंत बांधताना जो बुडबुडा पाहतो, तोच.

पाचशे यार्डांवर साईटची चूक निम्मी होते, पण बाकीच्या निम्म्यावर येऊन थांबत नाहीत. वाऱ्याची चूक चौथ्या हिश्श्याच्या आसपास येते, कलण्याची चूकही अंतराच्या प्रमाणापेक्षा बरीच जास्त कमी होते. त्यामुळे पाचशेपर्यंत अंदाजपंचे दाहोदरसे चालून जातं. तिथला चांगला नेमबाज हजारावर गेला की त्याला वाटतं, हात बिघडला. हात असतो तसाच असतो. आतापर्यंत अंतराने झाकून ठेवलेलं उघडं पडतं.

आधी बंदूक

विंगेट यांनी पहिलं काम रायफलीचं केलं आणि त्यांचा क्रम बरोबर होता. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण खरी, पण अंगण खरोखरच वाकडं असेल तर शिकणाऱ्याला आपली चूक कोणती आणि हत्याराची कोणती हे कधीच कळत नाही.

रेमिंग्टन आणि शार्प्स या दोन कंपन्यांनी लांब पल्ल्याच्या खास रायफली बनवायचं कबूल केलं. पैजेचे ५०० डॉलरही त्यांनीच निम्मे निम्मे भरले. रेमिंग्टनकडून हे काम केलं एल. एल. हेपबर्न यांनी. ते स्वतः कारागीर, आणि पुढे संघातही निवडले गेले. म्हणजे बंदूक बनवणारा आणि ती मारणारा एकच माणूस. आयर्लंडच्या बाजूलाही तसंच होतं. त्यांच्या रायफली डब्लिनच्या रिग्बी यांच्या, आणि जॉन रिग्बी स्वतः संघात.

फरक होता तो भरण्याच्या पद्धतीत. रिग्बीच्या रायफली ठासणीच्या : दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून. अमेरिकन रायफली मागून काडतूस घालायच्या. आज आपल्याला वाटेल, मागून भरणारी बंदूक नवी म्हणजे चांगली. त्या काळच्या जाणकारांना नेमकं उलट वाटत होतं, आणि ते वेडे नव्हते. काळ्या दारूचा प्रत्येक बार नळीत काजळीचा थर सोडतो. ठासणीच्या बंदुकीत नळी पुसून गोळी गजाने हळूच वरून खाली नेली की ती आट्यांमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांमध्ये, दर वेळी सारखीच बसते. काडतुसातून सुटलेली गोळी मात्र आट्यांत शिरण्याआधी थोडी मोकळी धावते आणि त्यात वाकडी होऊ शकते. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच सुटली पाहिजे, एवढीच हजार यार्डांची मागणी असते, आणि ठासणीची बंदूक ती मागणी पुरी करत होती.

अमेरिकन संघातल्या हेन्री फुल्टन यांचा यावरचा तोडगा मला फार आवडतो. त्यांनी नव्या जुन्याच्या वादात न पडता दोन्हीचा संकर केला. दारू भरलेलं काडतूस मागून घालायचं आणि गोळी मात्र पुढून, नळीच्या तोंडातून उतरवायची. वेळखाऊ काम. पण सामन्यात घाई कोणाला होती?

नियम विम्बल्डनचेच : रायफल दहा पौंडांपेक्षा जड नको, चाप तीन पौंडांपेक्षा हलका नको, दुर्बीण बसवायची नाही, कसलाही टेका घ्यायचा नाही. पोटावर झोपा किंवा पाठीवर, तुमची मर्जी. पाठीवर झोपून मारणं आज विचित्र वाटतं. पाय निशाणाकडे, रायफलीची नळी पायांवर टेकवलेली, एक हात डोक्यामागे दस्त्याला धरून. यासाठी मागची साईट दस्त्याच्या अगदी टोकाला बसवत, म्हणजे दोन साईटमधलं अंतर वाढून नेमातली चूक कमी व्हायची. फुल्टन असेच मारत. आयर्लंडचे मिल्नरही.

मग माणूस

सरावाची पद्धत विंगेट यांनी इंग्लंडच्या हाइथ इथल्या लष्करी नेमबाजी शाळेवरून घेतली होती आणि आपल्या नियतकालिकी लेखांतून आणि पुस्तिकेतून आधीच समजावून सांगितली होती. तिचा गाभा असा की गोळी फार नंतर येते. आधी साईट लावायला शिकायचं, मग शरीराची ठेवण, मग रिकाम्या बंदुकीवर चाप ओढणं. मेणबत्तीचा सरावही होता : बंदुकीत दारू नाही, फक्त टोपी (दारू पेटवणारी छोटी स्फोटक टिकली), नळीचं तोंड ज्योतीजवळ धरून चाप ओढायचा. नळी स्थिर असेल तर टोपीच्या झोताने ज्योत विझते, हलली तर नाही. आज आम्ही ज्याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतो आणि जी करताना मुलं दहा मिनिटांत कंटाळतात, तिची ही पणजी. मेणबत्तीला एक मोठा फायदा होता. ती लगेच उत्तर द्यायची. भिंतीकडे पाहून ड्राय करणाऱ्या मुलाला उत्तर मिळतच नाही, म्हणून तो कंटाळतो.

यामुळे होल्ड आणि चाप सुधारतो. वरच्या हिशेबाप्रमाणे ती लढाईची सोपी बाजू. अवघड बाजूसाठी मैदानच हवं आणि ते क्रीडमूरने दिलं. सबंध १८७४ चा उन्हाळा सराव आणि निवडीच्या स्पर्धा चालल्या. मागच्या साईटवर व्हर्नियरची, म्हणजे बारीक माप वाचायची, पट्टी होती; ती अंशाच्या मिनिटांपर्यंत वाचता यायची. अशी साईट मिळाली की अनुभव लिहून ठेवता येतो : अमुक दारू, अमुक अंतर, इतकी उंची. पुढच्या वेळी सुरुवात शून्यातून होत नाही. हे माझं या प्रकरणातलं मुख्य म्हणणं. पाचशेचा नेमबाज हजाराचा होतो तो वहीमुळे. उंचीचं गणित वहीत बसतं, कारण गुरुत्वाकर्षण रोज तेच असतं. दारू मोजून भरली, गोळ्या एका साच्यातल्या असल्या की दहा महिन्यांत ते पाठ होऊ शकतं.

वारा वहीत बसत नाही. म्हणजे लिहिता येतो, पण वाचायला तो तुमच्यासमोर यावा लागतो, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तोंडाने. निशाणापाशी एक झेंडा, मध्ये दुसरा, आपल्याजवळ गवत; तिघं तीन गोष्टी सांगतात आणि गोळी तिघांमधून जाते. आपल्याकडे महाराष्ट्रात बहुतेक मुलं दहा मीटरवर, बंद हॉलमध्ये वाढतात. ५० मीटरच्या उघड्या रेंजवर पहिल्यांदा आली की दोन महिने रायफलीला शिव्या घालतात. .२२ च्या हलक्या गोळीला वारा ५० मीटरमध्येही दहातून नवात ढकलतो, हे स्वतः पाहिल्याशिवाय कोणाला पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. मी तर एक संपूर्ण हिवाळा साईटचे स्क्रू घट्ट करण्यात घालवला.

सामना

प्रत्येकी सहा नेमबाज, प्रत्येक अंतरावर प्रत्येकाच्या पंधरा गोळ्या. एका माणसाचे जास्तीत जास्त १८० गुण, संघाचे १०८०. हजारोंची गर्दी जमली होती. निशाणावर गोळी बसली की लोखंडाचा आवाज, मग खंदकातला माणूस तबकडी वर करून गुण दाखवणार; पांढरी तबकडी म्हणजे मधला चौकोन.

८०० यार्ड : अमेरिका ३२६, आयर्लंड ३१७.

९०० यार्ड : अमेरिका ३१०, आयर्लंड ३१२.

१००० यार्ड : अमेरिका २९८, आयर्लंड ३०२.

बेरीज ९३४ विरुद्ध ९३१. तीन गुणांनी अमेरिका जिंकली. वर्तमानपत्रांनी तो मोठा राष्ट्रीय विजय केला, आणि मागून भरायच्या बंदुकांनी ठासणीला हरवलं असा निकालही लावून टाकला.

मला या तीन ओळींत वेगळंच दिसतं. ८०० वरून १००० वर जाताना अमेरिकेचे २८ गुण कमी झाले, आयर्लंडचे १५. अमेरिकेने ८०० वर नऊ गुणांची आघाडी घेतली आणि उरलेल्या दोन अंतरांवर त्यातली सहा हळूहळू परत दिली. जिथे वही पुरते तिथे शिकाऊ संघ पुढे. जिथे वारा मोठा होत जातो तिथे मुरलेला संघ पुढे. प्रत्येक अंतरावर नव्वद गोळ्याच असल्यामुळे या फरकात योगायोगाचा वाटा बराच असणार, त्यामुळे फार ताणून बोलू नये. पण दिशा दहा महिन्यांच्या शिकण्याकडून अपेक्षा करावी तशीच आहे.

व्यक्तींचे गुण पाहिले की चित्र आणखी स्पष्ट होतं. अमेरिका : फुल्टन १७१, येल १६२, बोडाइन १५८, गिल्डरस्लीव्ह १५५, हेपबर्न १४९, डाकिन १३९. आयर्लंड : रिग्बी १६३, हॅमिल्टन १६०, विल्सन १६०, मिल्नर १५४, जॉन्सन १५०, वॉकर १४४. आयर्लंडच्या पहिल्या आणि शेवटच्या माणसात १९ गुणांचं अंतर, अमेरिकेच्या ३२. जुना संघ एकसारखा कसलेला. नवा संघ ओबडधोबड, एक विलक्षण, काही चांगले, एक मागे पडलेला. फुल्टन बाजूला ठेवून उरलेल्या पाच अमेरिकनांची सरासरी काढली तर १५२.६ येते. आयर्लंडच्या सहाही जणांची १५५.२.

म्हणजे सामना एका माणसाने ओढून नेला, आणि तो माणूस तोच, गोळी पुढून आणि काडतूस मागून घालणारा. रेमिंग्टन वापरणाऱ्या तिघांचे (फुल्टन, बोडाइन, हेपबर्न) मिळून ४७८, शार्प्सवाल्या तिघांचे ४५६. रेमिंग्टनच्या विक्रेत्यांना हा आकडा केवढ्या मोलाचा वाटला असेल ते सोडा, पण त्यातला बराचसा फरक फुल्टन यांच्या पद्धतीचा आणि डाकिन यांच्या वाईट दिवसाचा आहे. कोणती कंपनी चांगली हे तीन-तीन माणसांच्या एका दिवसावरून ठरत नाही. आणि ठासणीचं म्हणाल तर मैदानावरचा सर्वांत चांगला गुणफलक अर्ध्या ठासणीने मिळवलेला होता. हरली ती ठासणी, हे म्हणणं त्यामुळे मला जरा घाईचं वाटतं.

दोन गोळ्या

या सामन्याची गोष्ट जिथे जिथे सांगितली जाते तिथे दोन गोळ्या येतातच. दोन्ही नीट तपासून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली जे. के. मिल्नर यांची. त्यांची एक गोळी अगदी मधल्या चौकोनात बसली, फक्त शेजारच्या निशाणाच्या. नियमाप्रमाणे शून्य. ते चार गुण धरले तर आयर्लंडचे ९३५ होतात, आणि अमेरिकेचे ९३४ तेच राहतात. सबंध दिवसाच्या ५४० गोळ्यांमध्ये वारा, दारू, कल, काजळी यांचा एवढा हिशेब झाला आणि निकाल ठरला तो आपलं निशाण कोणतं हे न पाहिल्यामुळे. पाठीवर झोपून, पायांच्या टोकापलीकडे एका रांगेत उभे सारखे पत्रे पाहत असताना हे कसं होतं याची मला चांगली कल्पना आहे. डोळा रायफलीतून साईट लावतो, निशाण निवडत नाही. निवड शरीर ठेवतानाच होऊन गेलेली असते. शरीर चार बोटं सरकलं की साईटमधून दिसणारं सगळं बिनचूक, फक्त शेजाऱ्याचं.

हा नवशिक्यांचा रोग आहे असं वाटत असेल तर २००४ चं अथेन्स आठवा. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची (झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून मारायच्या प्रकाराची) अंतिम फेरी, अमेरिकेचे मॅथ्यू एमन्स सुवर्णपदकापासून एका गोळीवर, तीही सव्वासात गुणांची असती तरी पुरली असती. गोळी मस्त बसली, शेजारच्या तिसऱ्या लेनच्या टार्गेटवर. शून्य, आणि थेट आठवा क्रमांक. याच माणसाने त्याच ऑलिम्पिकमध्ये प्रोनचं, म्हणजे नुसतं झोपून मारायच्या प्रकाराचं, सुवर्ण घेतलं होतं. क्रीडमूरला बरोबर एकशे तीस वर्षं झाली होती.

दुसरी गोळी कर्नल जॉन बोडाइन यांची. हजार यार्डांवर अमेरिकेची शेवटची गोळी त्यांची होती. आयर्लंडचं मारून झालेलं, ९३१. अमेरिका ९३०. त्याच्या थोडं आधी जिंजर बिअरची बाटली उघडताना ती फुटून बोडाइन यांचा हात कापला होता. त्यांनी हाताला रुमाल गुंडाळला, आडवे झाले, मारलं. लोखंडाचा आवाज, मग पांढरी तबकडी. चार गुण.

गोष्ट रंगवताना सांगितलं जातं की त्यांना मधला चौकोन मारणं भागच होतं. बेरीज करून पाहा. ९३० मध्ये दोन मिळवले तरी ९३२. बारा फूट रुंद पत्र्यावर कुठेही गोळी बसली असती तरी अमेरिका जिंकली असती. हरायला पत्रा पूर्ण चुकवावा लागला असता. हजार यार्डांवर त्या दिवशी अमेरिकनांना गोळीमागे सरासरी ३.३ गुण पडत होते, म्हणजे पत्रा लागणं ही जवळजवळ गृहीत धरण्यासारखी गोष्ट होती.

हे सांगून बोडाइन यांचं श्रेय कमी करायचं नाही. उलट त्यांच्या जागी झोपलेल्या माणसाच्या डोक्यात काय चालू असेल ते पाहा. हाताला रक्त, मागे हजारो लोक, समोर एकच गोळी. अशा वेळी ज्याने बेरीज केली आहे तो वाऱ्याचा अंदाज थोडा सावधपणे घेतो, मध्यावर धरतो आणि नेहमीसारखा चाप ओढतो. ज्याने केलेली नाही तो चौकोनाच्या मागे लागून वाट पाहत राहतो, श्वास संपतो, आणि मग चाप हिसकतो. बोडाइन यांना लोक 'ओल्ड रिलायेबल' म्हणत. भरवशाचा म्हातारा. त्यांनी बेरीज केली होती असं मला वाटतं.

दहा महिन्यांत काय झालं, काय नाही

तर प्रश्नाकडे परत. दहा महिन्यांत एका शहरातल्या हौशी लोकांनी, ज्यांत वकील होते, कारागीर होते, राष्ट्ररक्षक दलातले रविवारचे अधिकारी होते, जगातल्या सर्वांत चांगल्या समजल्या जाणाऱ्या संघाशी ९३४-९३१ असा सामना केला. त्यांना हे जमलं कारण बंदुकीचा प्रश्न आधी सोडवला, रिकाम्या चापावर वेळ घालवला आणि साईट आकड्यांत वाचली. साठ-सत्तर जणांतून सहा निवडायला उन्हाळाभराच्या स्पर्धा होत्या, हेही विसरू नये. यशाच्या गोष्टीत ते सहाच दिसतात. उरलेले साठ कुठवर पोचले ते कोणी विचारत नाही. रेंजवरच्या माझ्या मुलांमध्ये बहुतेक जण त्या साठांतले असणार, मी तर आहेच.

जे जमलं नाही ते ९०० आणि १००० च्या ओळीत लिहिलेलं आहे. ते जमायला आणखी वेळ लागला, पण फार नाही. पुढच्या वर्षी, जून १८७५ मध्ये, डब्लिनजवळच्या डॉलिमाउंटला अमेरिकन संघ परतीच्या सामन्यासाठी गेला. परकं मैदान, समुद्राकाठचा वारा. तिथे ते जवळजवळ चाळीस गुणांनी जिंकले.

क्रीडमूरचं मैदान आता नाही. शहर वाढत गेलं, गोळ्यांच्या तक्रारी वाढल्या, रेंज बंद पडली आणि त्या जमिनीवर मनोरुग्णालय उभं राहिलं. आजच्या लांब पल्ल्याच्या नेमबाजांच्या तोंडी ते नाव आहे ते २००७ मध्ये आलेल्या ६.५ क्रीडमूर या काडतुसामुळे. काडतूस वापरणाऱ्या कितीतरी जणांना ती कोणाची तरी शेतजमीन होती हे ठाऊक नसतं.

सामन्याच्या दिवशी मधल्या जेवणाच्या सुट्टीत मेजर लीच यांनी यजमान क्लबला एक चांदीचा चंबू भेट दिला. निकाल लागायचा होता, मिल्नर आणि बोडाइन यांचं जे व्हायचं ते ठरायचं होतं, आणि आव्हान देणारा माणूस बक्षीस वाटत होता. लीच कप या नावाने त्यासाठी अमेरिकेत अजूनही स्पर्धा होते. अंतर तेच, हजार यार्ड.